अफाट खोडाचं खोडकर झाड

खोडात बार. खोडात पोस्ट ऑफिस. खोडात चॅपेल. आणि हो, खोडात संडाससुद्धा, तोही फ्लशवाला!

मंडळी, ही कुठल्या नव्या टाउनशिपची जाहिरात वाटली असेल, पण हा एका झाडाचा बायोडेटा आहे. नाव बाओबाब, आपल्याकडे गोरखचिंच. मूळ पत्ता आफ्रिकेतली कोरडी, तापलेली माळरानं. हे झाड रानात आपलं आपण रुजतं, हजार-दोन हजार वर्षं आरामात काढतं आणि वर खायला फळही देतं. चला तर, या महाशयांची एकेक खोड काढून बघू या!

चिंच? छे, हिची बहीण भेंडी!

माहीत आहे का, गोरखचिंचेचं आणि चिंचेचं काडीचं नातं नाही? चिंच शेंगांच्या घराण्यातली. गोरखचिंचेचं गणगोत बघाल तर जास्वंद, कापूस, काटेसावर आणि आपली रोजच्या डब्यातली भेंडी! चॉकलेटचा कोकोही याच खानदानातला. फळ आंबट, म्हणून 'चिंच' चिकटली. आणि झाडाखाली बसून गोरखनाथांनी शिष्यांना उपदेश केला अशी लोककथा, म्हणून 'गोरख'.

भेंडीचं नातं पटत नसेल तर नायजेरियात जा. तिथले हौसा लोक गोरखचिंचेची पानं वाळवून पूड करतात आणि तिचं 'मियान कुका' नावाचं सूप रांधतात. सूप कसं? हिरवट, दाट आणि चांगलंच बुळबुळीत. रक्ताचं नातं लपत नाही हो!

उलटं लावलंय की काय?

वर्षातले कित्येक महिने या झाडावर एक पान नसतं. ड्रमएवढं जाड खोड आणि वर आखूड, वेड्यावाकड्या फांद्या. आफ्रिकेत याची एक कथा गावोगावी वेगवेगळ्या मसाल्यात सांगतात. कुठे झाडाने फार कुरकुर केली, कुठे फार मिजास केली, शेवट एकच. देव वैतागला, त्याने झाड उपटलं आणि मुळं वर करून परत खोचलं!

बाळ-बाओबाब तर ओळखूच येत नाही. मोठ्या झाडाच्या पानाला बोटांसारख्या पाच-सात पर्णिका असतात, पण कोवळ्या रोपाला साधं, एकसंध पान येतं. रोपटं बघून कुणी म्हणणार नाही की हे पुढे जाऊन रस्ता अडवणार आहे.

एक पेग झाडात!

दक्षिण आफ्रिकेतल्या लिंपोपो प्रांतात, मोजाजिस्क्लूफजवळ सनलँड नावाचा अवाढव्य बाओबाब होता. घेर तब्बल ३४ मीटर. खोड आतून पोकळ. १९९३ मध्ये मालकांनी ही पोकळी साफसूफ केली आणि आत चक्क बार थाटला! काउंटर, बाटल्या, बाजूच्या पोकळीत वाईनचं तळघर. इतर झाडांना बहार येतो, याला थेट बारच आला.

जगभरातून पर्यटक आले, फोटो काढले, ग्लास भिडवले. जाहिरातींत झाडाचं वय ६,००० वर्षं सांगितलं जायचं. कार्बन डेटिंगने पार्टीवर पाणी ओतलं : हजाराच्या थोडं पुढे. (म्हणजे तरीही ज्ञानेश्वरीपेक्षा जुनंच.) २०१६ च्या ऑगस्टमध्ये खोडाचा एक भाग कोसळला, २०१७ च्या एप्रिलमध्ये दुसरा. बारचा खेळ खलास.

नामिबियातल्या औटापीचं ओम्बालांटू बाओबाब याहून कर्तबगार. कधी लोकांची लपायची जागा, कधी पोस्ट ऑफिस, कधी चॅपेल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर. एका जन्मात इतक्या नोकऱ्या आपल्याकडे फक्त निवडणूक ड्युटीवरच्या गुरुजींनाच कराव्या लागतात.

आणि तो फ्लशवाला संडास? तोही नामिबियातच, कातिमा मुलिलो गावात. जिवंत झाडाच्या पोटात कमोड, बाहेर दार. झाडामागे जाणं आपल्याला ठाऊक आहे. झाडामध्ये जाणं बघायचं तर तिकडे!

आत आहात? नीट विचार करा!

आता खरी गंमत. या झाडांची पोकळी होते कशी, माहीत आहे का?

रोमानियाचे एड्रियन पात्रुत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेतले मोठमोठे बाओबाब वर्षानुवर्षं तपासले. त्यांना दिसलं की हे जाडजूड खोड बऱ्याचदा एकाच झाडाचं 'एक' खोड नसतंच. अनेक खोडं गोलात उगवतात, जाड होत एकमेकांना चिकटतात आणि मधे रिकामी जागा उरते. पुरावा? त्या पोकळीच्या आतल्या भिंतीवरही साल असते! लाकूड कुजून भोक पडलं असतं तर आत साल कुठून आली असती?

म्हणजे अशा झाडाच्या पोटात उभं राहून तुम्ही सेल्फी काढलात, तरी शास्त्रज्ञांच्या हिशेबाने तुम्ही झाडाच्या बाहेरच उभे आहात. घ्या!

झाड नव्हे, गावची टाकी

सुदानच्या कोरदोफान भागातले लोक या झाडाला तबल्दी म्हणतात, आणि तबल्दीचा त्यांनी केलेला उपयोग बारवाल्यांच्या कल्पनेपलीकडचा आहे. खोड आतून कोरायचं. बुंध्याभोवती उथळ खड्डा ठेवायचा. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचलं की ते कातडी पोहऱ्यांनी उपसून खोडात भरायचं. वरचं तोंड झाकलं की झाली टाकी तयार!

हे पाणी कोरड्या महिन्यांत पुरवून पुरवून वापरायचं. एका झाडात हजारो लिटर मावतं. झाडं घराण्यांच्या मालकीची, आणि ज्याच्याकडे तबल्दी तो श्रीमंत. शिवाय टाकी जिवंत! पोट कोरलं तरी झाड पानं काढतं, फळं देतं. सिंटेक्सला हे जमायचं नाही.

एक खुलासा करून टाकू. 'एका बाओबाबच्या लाकडात १,२०,००० लिटर पाणी असतं' हा मेसेज तुमच्याही व्हॉट्सॲपवर आला असेल. सुदानमधलं पाणी माणसाने भरलेलं असतं. झाडाचं स्वतःचं पाणी लाकडाच्या पेशीपेशींत मुरलेलं असतं. नळ लावला आणि बादली भरली असा तो प्रकार नाही. मात्र ओल्या लाकडाच्या वजनात पाण्याचाच वाटा मोठा, एवढं शंभर टक्के खरं.

मग दुष्काळात झाड हेच पाणी पितं का? इथे शास्त्रज्ञांनाही धक्का बसला. मादागास्करमधल्या अभ्यासात दिसलं की झाड रोजच्या तहानेला या साठ्याला फारसा हात लावत नाही. साठा वापरतं ते पावसाच्या आधी नवी पालवी काढायला. कारण? लाकूड इतकं मऊ की पेशींतलं पाणीच खोडाला ताठ उभं ठेवतं. जास्त प्यायलं, तर झाड स्वतःच लटपटेल. पिऊन पडण्याचा धोका झाडांनाही असतो तर!

हत्तींना मात्र हे गणित मान्य नाही. उन्हाळ्यात ते सुळ्यांनी खोड फाडतात आणि ओलं लाकूड चघळतात. गोलाकार साल सोलली तर बहुतेक झाडं मरतात; बाओबाब नवी साल चढवून पुन्हा उभा! गावकरीही सालीच्या धाग्यांपासून दोर, टोपल्या, चटया बनवतात. साल काढा, थांबा, परत येते, परत काढा. रिचार्जेबल झाड!

वय विचारू नये म्हणतात...

...पण विचारूच या. १७४९ मध्ये मिशेल अदाँसाँ नावाचा तरुण फ्रेंच निसर्गअभ्यासक सेनेगलला पोहोचला. समुद्रातल्या बेटांवर त्याला बाओबाब दिसले आणि त्यांच्या खोडांवर जुन्या युरोपीय खलाशांनी कोरलेली नावं. म्हणजे 'पिंट्या लव्ह्ज पिंकी'ची परंपरा बरीच जुनी! पण या गड्याने त्या कोरीवकामावरून हिशेब मांडला : अक्षरांवर किती लाकूड चढलं, किती वर्षांत चढलं, मग अख्खं झाड किती वर्षांचं? उत्तर आलं पाच हजारांच्या वर.

युरोपात खळबळ! बायबलातल्या महाप्रलयाच्याही आधीचं झाड? डेव्हिड लिव्हिंगस्टन हे मिशनरी-प्रवासी पुढे आफ्रिकेत फिरले तेव्हा त्यांनीही स्वतः वर्षं मोजून हा दावा खोडून काढायचा प्रयत्न केला. खोडावरून खोडाखोड.

आकडा फुगलेला होता, पण अदाँसाँचं नाव अमर झालं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने या झाडांच्या प्रजातीला त्याचंच नाव दिलं, अदानसोनिया.

वाढचक्रं मोजून वय का काढत नाहीत? कारण बाओबाबची चक्रं अंधुक असतात, कधी गायब असतात आणि मधला भाग पोकळ. म्हणून पात्रुत यांच्या चमूने पोकळीच्या भिंतीतून लाकडाचे बारीक नमुने काढून रेडिओकार्बन पद्धत वापरली. त्यात सगळ्यांत म्हातारं निघालं झिम्बाब्वेचं 'पांके' : सुमारे २,४५० वर्षं! ते रुजलं तेव्हा सम्राट अशोकाच्या जन्माला अजून शंभराहून अधिक वर्षं होती. फुलं येणाऱ्या झाडांत इतकं वय असं पक्कं मोजलं गेलेलं दुसरं झाड तेव्हा कुठलंच नव्हतं.

आणि आता हसू थोडं आवरा. पांके २०११ पर्यंत मरून गेलं.

२०१८ मध्ये या चमूने 'नेचर प्लांट्स'मध्ये हिशेब मांडला. आफ्रिकेतल्या सर्वांत जुन्या १३ बाओबाबांपैकी ९, आणि सर्वांत मोठ्या ६ पैकी ५, एका तपात एकतर पूर्ण मेले किंवा त्यांची सर्वांत जुनी खोडं कोसळली. साथीच्या रोगाची चिन्हं सापडली नाहीत. संशयाची सुई वाढत्या उष्म्याकडे आणि दुष्काळाकडे आहे, पण खटला अजून चालू आहे.

मेलेला बाओबाब ओंडका म्हणून मागे उरतही नाही. आतून कुजत जातो आणि एक दिवस तंतूंच्या ढिगाऱ्यासारखा बसतो. ना फर्निचर, ना धड सरपण. एका अर्थी हीच त्याची विमा पॉलिसी : लाकडाला गिऱ्हाईक नाही, म्हणून कुऱ्हाडीला घाई नाही.

रेकॉर्डब्रेक कॉर्नर

घेराचा बादशहा? दक्षिण आफ्रिकेचं ग्लेंको बाओबाब, घेर ४७ मीटर. पंचवीस-तीस जणांनी हात धरले तरच मिठी पुरी! पण २००९ मध्ये ते फाटलं आणि मुकुट गेला. आता उभ्या बाओबाबांत लिंपोपोतल्याच सागोलेच्या झाडाची चलती आहे, घेर ३३ मीटरच्या आसपास.

सर्वांत जुनं फोटोसेशन? बोत्स्वानात. १८६२ मध्ये थॉमस बेन्स या चित्रकाराने तिथला बाओबाबांचा एक घोळका रंगवला. आज त्या जागी उभं राहून चित्र समोर धरा, झाडं जवळजवळ तशीच! दीडशेहून अधिक वर्षांत पोझ बदललेली नाही.

सर्वांत देखणा रस्ता? मादागास्करमध्ये मोरोंदावाजवळ. मातीची वाट, दोन्ही बाजूंना तीस-तीस मीटरपर्यंत चढलेले गुळगुळीत खांबच खांब. इंस्टाग्रामवर मावळत्या सूर्यासह दिसतो तो हाच.

सर्वांत लांबची शिफ्टिंग? ऑस्ट्रेलियात. २००८ मध्ये महामार्गाच्या पुलाच्या आड आलेलं ३६ टनांचं झाड ट्रकवर आडवं घातलं आणि ३,२०० किलोमीटरवर पर्थच्या किंग्ज पार्कात नेऊन लावलं. झाड जगलं! पॅकर्स अँड मूव्हर्सना पैकीच्या पैकी मार्क.

एका रात्रीची स्टार

संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला मोठाली पांढरी फुलं लांब देठांवर लोंबकळत उमलतात. उमलणं इतकं झटपट की उभ्या उभ्या बघता येतं. दिसायला सुंदर, पाकळ्या मागे वळलेल्या, मधे पुंकेसरांचा भरगच्च गोंडा. आता वास घ्या बघू.

नाक धरलंत ना? वास उग्र आणि कुजका. पण हा परफ्युम तुमच्यासाठी नाहीच. गिऱ्हाईक आहेत वटवाघळं! फळं खाणारी वटवाघळं मधासाठी येतात आणि तोंडभर परागांचा मेकअप करून पुढच्या झाडावर जातात. दुसऱ्या दिवशी फूल तपकिरी होऊन जमिनीवर. करियर संपलं.

मादागास्करमध्ये काही जातींकडे लांब सोंडेचे पतंग येतात आणि काहींकडे वटवाघळांच्या जोडीला लेमूर. एकाच घराण्यात केवढे वेगळे पाहुणे!

फळ की मेलेला उंदीर?

फळाबद्दल दोन टोपणनावं आधी सांगतो, मग भूक टिकते का बघा. लांब देठाला लटकणारी लवदार फळं दुरून शेपटीला टांगलेल्या उंदरांसारखी दिसतात, म्हणून इंग्रजीत 'डेड रॅट ट्री'. माकडं ताव मारतात, म्हणून 'मंकी ब्रेड'.

टिकली भूक? मग फोडा. कवच कठीण, दगडावर आपटावं लागतं. आत बी आणि बीभोवती पांढरट, कोरडा, भुसभुशीत गर. चव थेट आपल्या बोरकुटासारखी! जिभेवर ठेवला की विरघळतो, आंबट-गोड, तोंड कोरडं करणारा.

कोरडा कसा, माहीत आहे का? हे फळ झाडावरच वाळतं. ना ड्रायर, ना वाळवणाची खाट. पिकून, सुकून, भुकटीच्या तयारीतच खाली उतरतं. रेडी-टू-ईट म्हणतात ते हेच.

सेनेगलमध्ये हा गर पाण्यात कालवून 'बुये' नावाचं दाट, दुधाळ सरबत करतात. केनियाच्या किनाऱ्यावर आणि झांझिबारमध्ये गरासकट बिया साखर-मसाल्यात घोळवून लालभडक रंगवतात आणि शाळेबाहेर विकतात. पोरांचे ओठ-जीभ लाल, आया हैराण. खट्ट्या गोळ्यांचं राजकारण जगभर सारखंच!

२००८ मध्ये युरोपीय संघाने या गराला खाद्यपदार्थ म्हणून परवानगी दिली, पाठोपाठ अमेरिकेतही दार उघडलं. हजारो वर्षं आफ्रिकेतली पोरं जे फुकट चोखत होती ते स्मूदीत पडलं आणि 'सुपरफूड' झालं! 'संत्र्याच्या कित्येक पट व्हिटॅमिन सी' असं पाकिटावर लिहितात. गरात व्हिटॅमिन सी भरपूर आहेच, फायबरही दांडगं. पण तुलना बघा : कोरड्या भुकटीची रसाळ संत्र्याशी! संत्रंही वाळवून दळा आणि मग बोला.

बियाही वाया जात नाहीत. भाजून खातात, तेल काढतात, ते तेल महागड्या क्रीमच्या बाटलीत जातं. आणि बी पेरायची म्हणाल तर कवच एवढं टणक की गरम पाण्यात भिजवावं लागतं. रानात हे काम हत्तीचं पोट करतं.

मधाचा सांगावा

टांझानियातले हाडझा लोक शिकार, कंदमुळं, फळं आणि मधावर राहत आले. मधाची पोळी बऱ्याचदा बाओबाबच्या खोडातल्या ढोलीत, उंचावर. खोड इतकं रुंद की कवेत घेऊन चढणं अशक्य. मग लाकडाच्या खुंट्या खोडात ठोकत, एकेकीवर पाय देत वर. स्वतःचा जिना स्वतः करत जायचा!

आणि पोळं कुठल्या झाडात आहे हे सांगतं कोण? पक्षी! हनीगाइड नावाचा छोटा पक्षी माणसाच्या शिट्टीला ओ देतो, पुढे पुढे उडत पोळ्यापर्यंत नेतो. माणूस मध घेतो, पक्षी मेण आणि अळ्या. बिनपगारी गाइड, टिप पोळ्यातच.

कबर, तुरुंग आणि एक पसरवलेली थाप

सेनेगलमध्ये ग्रिओ म्हणजे घराण्यांचा इतिहास तोंडपाठ गाणारे शाहीर. त्यांना जमिनीत पुरलं तर पीक बुडेल, या समजापोटी त्यांचं दफन पोकळ बाओबाबमध्ये व्हायचं. ही प्रथा गेल्या शतकात बंद झाली. बाओबाबचा मान मात्र कायम : सेनेगलच्या राजचिन्हावर एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला हे झाड.

ऑस्ट्रेलियात डर्बी गावाजवळच्या बाओबाबला 'प्रिझन ट्री' म्हणतात. आदिवासी कैद्यांना यात कोंडत, असं पर्यटकांना वर्षानुवर्षं रंगवून सांगितलं गेलं. इतिहासकारांनी खणून पाहिलं तर या झाडाचा तुरुंग झाल्याचा पुरावाच नाही! तिथल्या मूळ रहिवाशांसाठी मात्र ते पवित्र ठिकाण होतंच. कैद्यांचे हाल खरे, झाडावरचा आळ खोटा.

ऑस्ट्रेलियाच्याच वायव्य किनाऱ्यावर दुसऱ्या एका झाडावर 'मरमेड १८२०' कोरलेलं आहे. ब्रिटिश सर्वेक्षणाचं गळकं जहाज दुरुस्तीला थांबलं तेव्हाच्या खलाशांची ती सही आजही वाचता येते.

पण ऑस्ट्रेलियात पोहोचलं कसं?

बाओबाबच्या एकूण जाती आठ. त्यातल्या सहा फक्त मादागास्करमध्ये, एक आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर आणि एक थेट ऑस्ट्रेलियाच्या वायव्य कोपऱ्यात! मधे अख्खा हिंदी महासागर.

२०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या जनुकीय अभ्यासाने कोडं बरंचसं सोडवलं. माहेर मादागास्कर, घराणं सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीचं. मग काही बिया सागरी प्रवाहांवर तरंगत आफ्रिकेला लागल्या, काही ऑस्ट्रेलियाला. ना पासपोर्ट, ना लाइफ जॅकेट. ते टणक कवच होतंच की.

आता माणूस हेच काम जहाजाने करतो. २०२२ मध्ये केनियातल्या किलिफीमध्ये अवाढव्य बाओबाब मुळासकट उपटून परदेशी धाडायचा घाट घातला गेला. कुठे? थेट जॉर्जियात, काळ्या समुद्रकाठी एका धनाढ्याच्या वृक्षउद्यानात! बोंब झाली, केनियाच्या राष्ट्राध्यक्षांना चौकशी लावावी लागली.

साहित्य-सिनेमातही यांचा मुक्काम आहेच. 'द लिटल प्रिन्स'मधल्या छोट्या राजपुत्राला धास्ती कशाची? आपला इवलासा ग्रह बाओबाब फोडून टाकतील याची. 'लायन किंग'मधला रफिकी राहतो कुठे? ओळखलंत!

आपल्या अंगणात आफ्रिका

भारतात ही झाडं आली कशी? २०१५ मधल्या जनुकीय अभ्यासाने सांगितलं की भारतातले बाओबाब आफ्रिकेतूनच आले, आणि एकाच खेपेत नव्हे, अनेक खेपांमध्ये. अरब व्यापारी, पोर्तुगीज, आफ्रिकेतून आलेले सिद्दी-हबशी सैनिक आणि गुलाम... बी खिशात कुणाच्या होती ते झाडच जाणे. पण व्यापाराच्या आणि सत्तेच्या जुन्या ठिकाणांच्या आसपास ही झाडं हटकून भेटतात.

हैदराबादेत गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यात 'हत्तियों का झाड' उभं आहे, घेर सुमारे २७ मीटर. पोटात पोकळी, पोकळीत चोर लपल्याच्या कहाण्या. कर्नाटकात सावनूरच्या मठातली झाडं प्रसिद्ध. उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या किंतूर गावात तर बाओबाबला थेट स्वर्गातला पारिजात मानून पुजतात आणि पांडवांशी नातं जोडतात. आफ्रिकेचा पाहुणा, इंद्राच्या बागेचं आधारकार्ड!

मध्य प्रदेशातलं मांडू म्हणजे बाओबाबप्रेमींची पंढरी. महालांच्या अवशेषांभोवती झाडंच झाडं. रस्त्याकडेला लवदार फळांचे ढीग लावून 'मांडू की इमली' विकतात. मागे तिथली जुनी झाडं ट्रकवर चढवून हैदराबादकडे नेणं सुरू झालं, तेव्हा गावकऱ्यांनी आवाज उठवला आणि प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. किलिफीचीच बातमी, देशी आवृत्ती.

आणि मुंबई? मुंबईकरांनो, ही झाडं तुमच्या लोकलच्या अंतरावर आहेत. वसईच्या किल्ल्याच्या परिसरात आहेत. अंधेरीच्या सीप्झमध्ये, आयटीवाल्यांच्या गर्दीत आहेत. सांताक्रूझला एस. व्ही. रोडवर एक गोरखचिंच होती. २०२२ मध्ये मेट्रोच्या कामात ती गेली आणि मग फेसबुकवर तिचे फोटो फिरले. उभी होती तेव्हा किती जणांनी मान वर केली असेल, देव जाणे.

भायखळ्याच्या राणीबागेतली मात्र जागेवर आहे. तेव्हा पुढच्या वेळी पोरांना पेंग्विन दाखवायला न्याल तेव्हा पाच मिनिटं तिच्यासाठी काढा. जून-जुलैत गेलात तर पानं-फुलं मिळतील, उन्हाळ्यात गेलात तर नुसतं खोड. खाली पडलेलं फळ मिळालं तर नशीब तुमचं, चोखून बघा. फक्त एक विनंती : खोडावर पिंट्या-पिंकीचं नाव कोरू नका, पुढची हजार वर्षं लोक वाचत बसतील!